आकडा तोच, रंग निराळा

टोस्टरकडून माझ्या अपेक्षा अगदी साध्या होत्या. स्लाइस दोन्ही बाजूंनी सारखी भाजावी. काल डायलवरच्या तीनला जो रंग आला, तोच आज तीनला यावा. आणि भाजलेली स्लाइस बोटं न पोळता बाहेर काढता यावी. घरात तिघांना तीन रंग लागतात. नवऱ्याला काळपटाकडे झुकणारा, मुलीला जेमतेम कोमट, मला मधला. म्हणजे हा आकडा भरवशाचा असणं आमच्याकडे गरजेचंच.

जुना टोस्टर दांडी धरेनासा झाला. खाली दाबून हात काढला की खट्‌कन वर. म्हणून नवा आणला. खोक्यावर बरंच काही छापलेलं होतं: इतके वॉट, सात पातळ्या, डीफ्रॉस्ट, रीहीट, स्टेनलेस स्टील, चुऱ्याचा ट्रे. पहिल्याच सकाळी स्लाइसची एक बाजू खरपूस आणि दुसरी जवळजवळ कोरी. उलटी करून पुन्हा टाकली तर कोरी बाजू रंगेपर्यंत खरपूस बाजू करपली. बदलून मागितला, तेव्हा आधी चौकशी झाली की ब्रेड ताजा होता का, स्लाइस जाड होती का. ब्रेडवरच संशय. बदलून आलेला दुसरा नगही हुबेहूब तसाच निघाला, म्हणजे तो बिघाड नव्हताच, त्या मॉडेलचा स्वभाव होता.

त्यानंतरचा टोस्टर दिसायला देखणा, पण खण उथळ. स्लाइसची वरची दोन बोटं बाहेर डोकावायची आणि पांढरीच राहायची. शिवाय टोस्ट वर यायचा तो इतकाच, की छोटी स्लाइस असेल तर आत बोटं घालावी लागायची. अशा वेळी लोक सुरी घालतात. घालू नये. आतल्या तापणाऱ्या पट्ट्या उघड्या असतात, आणि दांडी वर आहे म्हणजे वीज तुटलेली आहे असं प्रत्येक टोस्टरच्या बाबतीत, प्रत्येक प्लगच्या बाबतीत धरून चालता येत नाही. आधी प्लग काढायचा, मग लाकडी चिमटा.

तोही गेला. मग जो आणला त्याने मात्र मला खरोखर बुचकळ्यात टाकलं. दोन्ही बाजू सारख्या, खण खोल, टोस्ट छान वर येणारा. पण पहिली जोडी फिकट, लगेच टाकलेली दुसरी जोडी बरोबर, आणि तिसरी करपलेली. डायलला कोणी हातही लावलेला नाही. आकडा तोच, रंग तीन. घरातल्या तिघांच्या तीन आवडी त्याने परस्पर भागवल्या, असं नवरा म्हणाला. मला हसू आलं नाही.

हा टोस्टर आणि जुना, दोन्ही घेऊन मी दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. जुना त्यांनी आधी उघडला. आत अभ्रकाच्या पातळ पाट्या उभ्या असतात आणि त्यांच्याभोवती चपटी तार गुंडाळलेली असते. तीच तापून लाल होते.

"ही बघा, इथे तुटलीये. ह्यातल्या चुंबकाला करंट ह्याच पट्टीतून जातो. पट्टी तुटली की चुंबक मेलं, आणि चुंबक मेलं की दांडी धरणार कोण?"

"मग जोडून द्या ना, काका."

"डाख धरत नाही ह्याला. आणि धरला तरी पट्टी तापली की वितळून जाईल. चेपून जोड देता येतो, पण टिकायचा नाही. तिथेच पुन्हा जाणार."

ती तार निक्रोमची. निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू. अल्बर्ट मार्श या अमेरिकी संशोधकाने 1906 साली त्याचं पेटंट घेतलं, आणि खरं तर तिथूनच विजेचा टोस्टर शक्य झाला. त्याआधीच्या तारा लाल होईस्तोवर तापवल्या की हवेत जळून तुटायच्या. निक्रोमवर तापल्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. तीन वर्षांत, 1909 साली, जनरल इलेक्ट्रिकचा टोस्टर बाजारात आला. तो एका वेळी एकच बाजू भाजायचा. स्लाइस हाताने फिरवायची, आणि कधी काढायची ते डोळ्यांनी ठरवायचं. गंमत म्हणजे त्यात रंगाचा अंदाज चुकण्याचं कारण नव्हतं, कारण माणूस समोर उभा राहून रंगच बघत होता. माणसाला तिथून हलवणारा, आपोआप बंद होऊन टोस्ट वर फेकणारा टोस्टर चार्ल्स स्ट्राइटचा. त्याचं पेटंट 1921 चं. माझ्या तक्रारीची सुरुवात तिथून होते.

काकांनी मग नवा टोस्टर उघडला. डायलच्या मागे सर्किटची छोटीशी हिरवी पाटी होती. "ह्या डायलचा आणि ब्रेडचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "हा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा बारका भाग, भरायला किती वेळ लावायचा, तेवढंच डायल ठरवतो. भरला की चुंबक सुटतं, स्प्रिंग दांडी वर ओढते. आत ब्रेड आहे की नाही हेही ह्याला ठाऊक नाही."

तिथे उभ्याउभ्या माझा गुंता सुटला. टोस्टर वेळ मोजतो. मला हवा असतो रंग. या दोन गोष्टी एकच आहेत असं गृहीत धरून ते यंत्र बनवलेलं असतं, आणि त्या एक नसतात.

का नसतात, ते थोडं सविस्तर सांगते, कारण खोक्यावर हे कुठेच नसतं. पहिल्या जोडीच्या वेळी टोस्टर गार असतो. पट्ट्यांची बरीचशी उष्णता आतला पत्रा तापवण्यात जाते. दुसऱ्या जोडीला पत्रा आधीच तापलेला. वेळ तेवढाच, भाजणं जास्त. तिसऱ्या जोडीला आणखी जास्त. जुन्या पद्धतीच्या टोस्टरमध्ये हिरव्या पाटीऐवजी दोन धातूंची जोडपट्टी असते, जी तापली की वाकते आणि खटका सोडते. तिचं दुखणं बरोबर उलटं: पहिल्या जोडीनंतर ती गरमच असल्यामुळे लवकर वाकते आणि दुसरी जोडी कच्ची बाहेर येते. आमच्या जुन्याला दोन जोड्यांच्या मध्ये जरा दम खाऊ द्यावा लागायचा, त्याचं कारण हे.

त्यात भर विजेच्या दाबाची, म्हणजे व्होल्टेजची. पट्टीत निर्माण होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब 10 टक्क्यांनी घसरला तर उष्णता 10 नव्हे, सुमारे 19 टक्क्यांनी घसरते. कंडेन्सरला त्याचं सोयरसुतक नाही. तो आपल्या ठरल्या वेळी भरतो.

आणि सर्वांत मोठी गोम ब्रेडमध्येच आहे. स्लाइस तापायला लागली की आधी तिच्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं. ते असेपर्यंत तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास अडून राहतं आणि रंग काही बदलत नाही. पृष्ठभाग कोरडा झाला की तापमान झपाट्याने चढतं, आणि साधारण 140 अंशांपुढे प्रथिनं आणि साखर यांच्यातली ती प्रक्रिया जोरात सुरू होते, जिला 1912 साली तिचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय माइयार यांचं नाव आहे. टोस्टचा वास, चव, तांबूस रंग हे सगळं तिचं देणं. एकदा का रंग गडद व्हायला लागला की तो भाग उष्णता आणखी शोषतो आणि आणखी भरभर गडद होतो. थोडक्यात, सुरुवातीचा बराच वेळ काहीच घडत नाही आणि शेवटच्या थोड्या सेकंदांत सगळं घडतं. अशा गोष्टीवर नुसतं घड्याळ लावून बसायचं म्हणजे दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून गजर लावण्यासारखंच आहे. दुधाचा किंवा गोडसर ब्रेड लवकर रंगतो, ताजा ओलसर ब्रेड उशिरा. म्हणजे ब्रेड बदलला की तीनचा अर्थही बदलला.

(काळपट टोस्टवाल्यांसाठी जाता जाता: पिठूळ पदार्थ जास्त तापमानाला भाजले-तळले की त्यात ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं, हे 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यामुळे टोस्ट सोनेरी असावा, काळा नको, असा सल्ला देतात. आमच्या घरात हा सल्ला ऐकला गेला, पाळला गेलेला नाही.)

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? हा प्रश्न कधीच सुटला नव्हता असं नाही. 1949 साली अमेरिकेत सनबीम कंपनीने एक टोस्टर आणला, ज्याला दांडीच नव्हती. स्लाइस खणात ठेवली की तिच्या वजनाने खटका पडायचा, पट्ट्या सुरू व्हायच्या, आणि तापून लांबणाऱ्या तारेच्या जोरावर स्लाइस आपणहून खाली उतरायची. मोटर वगैरे काही नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातली जोडपट्टी खुद्द ब्रेडच्या पृष्ठभागाकडे तोंड करून बसवलेली होती. ब्रेडकडून येणारी उष्णता तिला लागायची, आणि पृष्ठभाग पुरेसा तापला की ती वीज तोडायची. ब्रेड गार असो, शिळा असो, कितवीही जोडी असो. मोजमाप ब्रेडचं होत होतं. हा टोस्टर पुढे काही दशकं बनत राहिला. आता बनत नाही. आता मिळतात ते एलईडी आकडे उलटे मोजणारे. वेळच दाखवतात, फक्त आणखी झगमगीत.

हे कळल्यावर मी नव्याने शोध सुरू केला आणि दुकानदारांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. "मॅडम, यात सात लेव्हल आहेत," एकाने सांगितलं. म्हटलं, सात नकोत हो, एकच द्या, पण रोज तीच असू द्या. त्याने मला दुसऱ्या मुलाकडे पाठवलं. वेगवेगळ्या बटणांचं रहस्यही उलगडत गेलं: बऱ्याच टोस्टरमध्ये डीफ्रॉस्ट म्हणजे नेहमीच्या वेळेत थोडी वाढ आणि रीहीट म्हणजे ठरावीक थोडासा वेळ, बाकी आत वेगळं काही नाही. रद्द करायचं बटण तेवढं खरोखर कामाचं.

दुकानात ब्रेड भाजून बघू देत नाहीत. पण न भाजताही बरंच कळतं. नेहमीच्या स्लाइसची उंची-रुंदी कागदावर कापून नेली, ती खणात घालून बघितली. दांडी दाबली की आतली जाळी दोन्हीकडून सारखी आवळून स्लाइसला मधोमध धरते का, ते पाहिलं. एकाच बाजूने आवळणारी जाळी म्हणजे एक बाजू जास्त भाजणार हे नक्की. दांडी नेहमीच्या जागेच्या वर आणखी उचलता येते का, तेही पाहिलं. वरून टॉर्च मारून पट्ट्यांचे वेढे न्याहाळले. गरम हवा वर जाते म्हणून चांगल्या टोस्टरमध्ये खाली वेढे दाट आणि वर विरळ असतात. दोन खणांना मिळून मधली पाटी एकच असेल तर मी तो टोस्टर तिथेच खाली ठेवायचे. अशातलेही काही चांगले असतील. मला ते तपासत बसायचं नव्हतं.

घरी आणल्यावरची परीक्षा काकांनी सांगितली होती. आधी रिकामा चालवायचा, खिडकी उघडी ठेवून, कारण नव्या पट्ट्यांवरचं तेल-लेप जळून धूर आणि वास येतो. मग खोलीत अंधार करून पुन्हा रिकामा सुरू करायचा आणि जरा लांबून आत बघायचं. सगळे वेढे सारखे लाल दिसले पाहिजेत. एखादा कोपरा काळा राहिला तर टोस्टवर तोच कोपरा पांढरा राहणार. आणि शेवटी, परत करायची मुदत संपायच्या आत, साध्या पांढऱ्या ब्रेडचं पाकीट आणून न थांबता जोड्यांमागून जोड्या भाजायच्या आणि ओट्यावर क्रमाने मांडायच्या. या मांडणीत एक टोस्टर घरी येऊन परतही गेला. त्या आठवड्यात आम्ही टोस्टचा चुरा सुपात, भाजीवर, कटलेटला, जिथे जमेल तिथे घातला.

शेवटी जो राहिला त्याच्या पाटीवर तापमान ओळखणारा थर्मिस्टर आहे. आतला भाग तापलेला असला की तो पुढच्या जोडीची वेळ आपणहून कमी करतो. ब्रेडकडे तोही बघत नाही, पण निदान स्वतःच्या गरमीचा हिशेब ठेवतो. ही गोष्ट त्याच्या खोक्यावर कुठेही लिहिलेली नाही. माहितीपुस्तिकेत मागच्या पानावर अर्धी ओळ आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत रंग लिहिलाय: मॅट ब्लॅक. तिसऱ्या जोडीपर्यंत तीन म्हणजे तीनच राहतो, चौथीला किंचित गडद. ब्रेड बदलला तर अर्धा आकडा इकडेतिकडे करावा लागतो, तेवढं मी सोडून दिलंय.

वायर आखूड आहे. आणि टोस्ट वर आला की तो जोरात पीं-पीं करतो, ते बंद करायची काही सोय नाही. काकांना फोन केला तर म्हणाले, "घेऊन या, बझर काढून टाकू." वॉरंटी संपेपर्यंत थांबलेय.