गाळलेली दोन नावं

कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्ये शिरताना माझं लक्ष पुतळ्यांवर नसतं, डोक्यांवर असतं. त्या दिवशी ३१ होती. टूर मॅनेजरने डोकी मोजायची, पाणी कुठे मिळेल ते सांगायचं, मागे राहिलेल्याला हाक मारायची. इजिप्तमध्ये माहिती सांगायची मुभा आम्हाला नाही, तिथल्या परवानाधारक गाईडनेच बोलायचं. ती इंग्रजीत बोलते आणि मी कानातल्या रिसीव्हरवर तेच मराठीत म्हणत जाते. 'तेच' म्हणते खरी, पण जेवणाची वेळ जवळ आली की त्यातलं थोडं गळतं.

ग्रुपमध्ये सातारा भागातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पहिल्याच दिवशी सगळे त्यांना बाई म्हणायला लागले. हातात कायम दोनशे पानी वही.

मधल्या दालनाच्या टोकाला तिसरा आमेनहोतेप आणि त्याची राणी तिये यांचा पुतळा आहे. उंची सुमारे ७ मीटर. दोघं शेजारी शेजारी बसलेत आणि दोघं एकाच मापाची आहेत. इजिप्तमध्ये राजाची बायको बहुतेक वेळा त्याच्या गुडघ्याएवढी कोरलेली दिसते, इथे ती खांद्याला खांदा लावून आहे. एक हात राजाच्या कमरेमागून गेलाय. मुली मात्र दोघांच्या पायांपाशी, बाहुल्यांएवढ्या.

गाईड सांगत होती आणि मी भरभर ओढत होते : इसवी सनापूर्वी चौदावं शतक, पट्टराणी, सुदानात सेदेइंगाला तिच्यासाठी बांधलेलं देऊळ, राज्याच्या अकराव्या वर्षी तिच्यासाठी खोदलेला तलाव. मग स्कॅरब आले. शेणकिड्याच्या आकाराचे, तळहातात मावतील असे, पोटावर मजकूर कोरलेले. राजाने ते वाटले. असे दोनशेहून जास्त सापडलेत. मी म्हटलं, "आपल्याकडे दवंडी पिटायचे तसं," आणि पुढे निघाले.

"थांब गं," मागून बाईंचा आवाज आला. "ती गाईड दोनदा 'नेम' म्हणाली. तू एकदाही नाव सांगितलं नाहीस."

शाळेत गृहपाठ न केल्यावर पोटात जो खड्डा पडायचा तोच पडला. नावं मी मुद्दाम गाळली होती. नवऱ्याचं, बायकोचं सांगितलं, आता सासूसासरे कशाला? गाईडला परत विचारलं. तिने हसून स्कॅरबवरचं वाक्य पुन्हा म्हटलं : पट्टराणी तिये, तिच्या वडिलांचं नाव यूया, तिच्या आईचं नाव थूया.

यूया राजघराण्यातला नव्हता. अख्मीम गावचा, रथदळातला अधिकारी. राजकन्या नसलेली मुलगी राजाने पट्टराणी केली, आणि ती कुणाची ते लपवायचं सोडून दगडात कोरून गावोगाव पाठवलं. पुढे सासूसासऱ्यांना राजांच्या दरीत, जिथे राजांना पुरायचे तिथे, थडगंही मिळालं. १९०५ साली ते उघडलं तेव्हा दोघं आपापल्या शवपेट्यांत होते.

बाई लिहीत होत्या. "आणि सवती?" वर न बघता विचारलं.

सवती होत्या. राज्याच्या दहाव्या वर्षी सीरियाकडच्या मितन्नी राज्याच्या राजाची मुलगी गिलुखेपा नवी राणी म्हणून आली, बरोबर ३१७ बायका घेऊन. त्या वरातीची बातमी सांगणारा स्कॅरबही आहे. पण त्यावरही राजाच्या नावामागोमाग तियेच आहे, वडील यूया, आई थूया, आणि मग गिलुखेपा. हे मराठीत सांगताना मी अडखळले. सवतीच्या आगमनाची पत्रिका, आणि तिच्यावर पहिलीचं माहेर आधी छापलेलं!

"मी बत्तीस वर्षं शाळेचं जनरल रजिस्टर बघितलं," बाई म्हणाल्या. "बापाचं नाव चुकलं तर गाव गोळा व्हायचं. आईचं नाव कोण विचारत होतं? आपल्याकडे आत्ता २०२४ ला जीआर निघाला, मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायचा."

जेवण तासभर उशिरा झालं. दोन काकांनी तोंड वाकडं केलं, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

दुपारी कैरोतल्याच फुस्तात भागातल्या म्युझियमला गेलो. तहरीरहून २२ राजाराण्यांच्या ममी एप्रिल २०२१ मध्ये मिरवणुकीने तिथे नेल्या, त्यांत तियेही आहे. आत अंधूक उजेड, फोटोला बंदी. बाहेर आल्यावर मोजलं तर ३०. परत आत गेले. बाई तियेपाशी उभ्या होत्या. डावा हात छातीवर दुमडलेला, मूठ वळलेली, राजदंड धरल्यासारखी. आणि केस! लालसर तपकिरी, लांब, मोकळे. नुकतेच न्हायल्यावर सुकत सोडावेत तसे.

ही ममी १८९८ मध्ये सापडली, पण कोण ते ठाऊक नव्हतं. तुतनखामुनच्या थडग्यात मात्र एकात एक बसणाऱ्या छोट्या शवपेट्या होत्या आणि सगळ्यांत आतल्या पेटीत तियेच्या नावाने ठेवलेली केसांची बट. २०१० मध्ये डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले : ही यूया-थूयाची मुलगी, तुतनखामुनची आजी.

"नातवाने आजीचे केस जपले होते," मी कुजबुजले. बाईंनी मान हलवली आणि त्या स्वतःच्या अंबाड्यावर हात फिरवत बाहेर आल्या.

बसमध्ये त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. दाखल्यासारखे रकाने आखले होते. मुलीचं नाव तिये, वडील यूया, आई थूया. त्याखाली : राजा आमेनहोतेप, आई... पुढे रिकामं.

"हिचं झालं. त्याच्या आईचं काय?"

मला माहीत नव्हतं. गाईड ड्रायव्हरशेजारी डोळे मिटून बसली होती, तिला हलवून विचारलं.

"मुतेमविया," मी मागे वळून सांगितलं.

"पहिली वेलांटी का दुसरी?"

"वि. पहिली."

बाईंनी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं. "हं, आता सोडा बस."