अनजस्टिफायेबली आणि त्याचं गणगोत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाकीचे सगळे मैदानाबद्दल आणि स्नेहसंमेलनाबद्दल लिहिणार, हे गृहीत धरून मी एका क्रियाविशेषणाबद्दल लिहितो आहे. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

शब्द होता अनजस्टिफायेबली. म्हणजे, ज्याचं समर्थन करता येणार नाही अशा रीतीने. गाइडात त्याच्यापुढे एका ओळीत समानार्थी शब्द छापलेले असत: अनफेअरली, राँगफुली, ग्राउंडलेसली, अनड्यूली, इनएक्सक्यूजेबली. त्यातला कुठलाही उचलावा आणि गाळलेल्या जागेत बसवावा, अशी आमची समजूत. इंग्रजीच्या बाईंनी ती एका तासात मोडीत काढली.

त्यांनी फळ्यावर एवढंच लिहिलं, की एका मुलाला शिक्षा झाली. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "ह्यात चुकलं काय ते सांगा, म्हणजे शब्द देते."

कोणी म्हणालं, त्याने काही केलंच नव्हतं. "मग राँगफुली." केलं होतं, पण तेच करणारे बाकीचे सुटले. "अनफेअरली." केलं होतं, शिक्षाही व्हायलाच हवी होती, फक्त जरा जास्त झाली. "अनड्यूली हार्श. ड्यू म्हणजे देणं. देणं लागतो त्याच्या वर गेलं, की अनड्यू." मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, नुसता संशय होता, पुरावा काहीच नव्हता." बाई खूश झाल्या. "मग शब्द शिक्षेला नको लावूस, आरोपाला लाव. ग्राउंडलेसली अक्यूज्ड." बिनबुडाचा आरोप आम्हाला ठाऊक होताच. इंग्रजीत बुडाऐवजी जमीन नाही, एवढाच फरक.

इनएक्सक्यूजेबली मात्र शिक्षेच्या वाक्यात नीट बसेना. तो उद्धटपणाला बसतो, उशिराला बसतो. का, ते बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं होतं: समर्थन वेगळं, सबब वेगळी. पुढे कॉलेजात ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांचं १९५६ सालचं व्याख्यान वाचनात आलं, त्यात हाच भेद सापडला. समर्थन करणारा म्हणतो, मी केलं, पण ते वाईट नव्हतं. सबब सांगणारा म्हणतो, वाईट झालं खरं, पण दोष सगळा माझा नाही. फौजदारी कायद्यातही स्वसंरक्षणासाठी केलेला वार आणि वेडाच्या भरात केलेला वार याच कारणाने वेगळे मोजतात. म्हणजे अनजस्टिफायेबली आणि इनएक्सक्यूजेबली हे शेजारी खरे, पण एका घरातले नव्हेत.

विरुद्धार्थी शब्दांची गंमत त्याहून जास्त. त्यासाठी बाईंनी वहीत दोन रकाने पाडायला लावले होते: डावीकडे शब्द, उजवीकडे त्याच्या उलट. जस्टिफायेबली, राइटफुली, वॉरंटेड असे शब्द सहज निघाले. डिझर्व्हेडली बक्षिसालाही चालतो आणि शिक्षेलाही. ग्रॅच्युइटसली पाशी सगळे अडले. लॅटिनमधला फुकट देण्याचा अर्थ त्याच्या पोटात आहे, ग्रॅटिस हा त्याचाच भाऊबंद. कुणी कारणाशिवाय अपमान केला, की तो ग्रॅच्युइटस; आपणही 'फुकट बोलणी खाल्ली' म्हणतोच. आता याच्या उलट काय? दाम मोजून घेतलेला अपमान? वर्ग हसला आणि बाईंनी वहीतला उजवा रकाना कोरा सोडायला लावला.

हे दोन रकाने बाईंचे स्वतःचे नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. पीटर मार्क रोजे हे पेशाने डॉक्टर. त्यांचा शब्दसंग्रह १८५२ मध्ये लंडनला निघाला. त्यात शब्द अकारविल्हे नव्हते, कल्पनांच्या गटांनी लावलेले होते, आणि जिथे जमलं तिथे उलट अर्थाचे गट शेजारच्या रकान्यात समोरासमोर. आजच्या नुसत्या याद्यांपेक्षा मला ती मांडणी शहाणपणाची वाटते.

सध्या मी कायद्याच्या कागदपत्रांचं मराठी भाषांतर करतो. तिथे हे अख्खं गणगोत रोज भेटतं. 'असमर्थनीयपणे' असा शब्द व्याकरणाने होतो, पण तो कोणी बोलत नाही. मराठी त्या जागी वाक्य मोडते: कारण नसताना, अधिकार नसताना, गरजेपेक्षा जास्त. एकाच शब्दात हवं असेल तर नाहक, अवाजवी, अनाठायी आहेत. नाहकमध्ये हक्काचा प्रश्न आहे, अवाजवीत मापाचा, अनाठायीत जागेचा. मूळ वाक्यात नेमकं काय कमी पडलं ते ठरवल्याशिवाय यातला एकही बसत नाही.

सर्वात वैताग देतो तो दुहेरी नकार. 'हे गृहीतक असमर्थनीय नाही' असली रचना. सरळ 'मला वाटतं' म्हणण्याऐवजी लोक असलं काही लिहितात, अशी तक्रार जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या निबंधात केली होती, आणि उदाहरणाला नेमका हाच शब्द घेतला होता. आमच्या कार्यालयातल्या मसुद्यांत तो अजून येतो. मी खोडतो, साहेब पुन्हा घालतात.