नाशिकला एका गणपतीची सोंड वळवायला

पुणे-नाशिक रस्त्यावर आता लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. चाकणला अडकायचं. नारायणगाव आलं की उजवीकडे मान वळवून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांपैकी एखादी दिसते का ते बघायचं (४५ मीटर व्यासाची वस्तू दिसायला काय हरकत आहे, पण झाडं मध्ये येतात). सिन्नरला चहा, मग द्वारकेच्या चौकात पुन्हा अडकायचं. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात जिकडेतिकडे खणलेलं. रिक्षावाल्याने कॉलेज रोडला नेताना वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची जन्मतारीख सांगितली.

एवढं करून गेलो ते एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर साडेतीन तास बसायला. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचणारी पंधरा-सोळा माणसं तिथे अधूनमधून जमतात. पाहुणा नाही, शाल-श्रीफळ नाही, दीपप्रज्वलन तर नाहीच. एका वेळी एक कथा घ्यायची आणि तिचा पिच्छा पुरवायचा. श्रद्धांजलीची भाषणं मला ऐकवत नाहीत. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, त्यानंतर ती इतकी झाली की त्यांच्या कथांचं कुणी बोलेचना. या खोलीत उलट चालतं. लेखकाचं कौतुक कुणी करत नाही, सगळे त्याची गणितं तपासत बसतात. सत्तरच्या दशकातल्या कथेची!

नाशिकचं आणि त्यांचं एक राहून गेलेलं देणं आहे. ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झालं, अध्यक्ष नारळीकर. मार्च २०२१ मध्ये ठरलेलं, करोनामुळे ३ ते ५ डिसेंबरवर गेलं आणि जागा बदलून आडगावला. विज्ञानकथा लिहिणारा माणूस अध्यक्ष झाला म्हणून इथली मंडळी हरखली होती, आणि तब्येतीमुळे अध्यक्षच येऊ शकले नाहीत. 'मुख्य माणूस सोडून सगळे भेटले,' असं एक काकू अजून चिडून सांगतात. त्यांच्या हातातली 'यक्षांची देणगी', म्हणजे नारळीकरांचा कथासंग्रह, इतकी वाचलेली आहे की पानं दोऱ्याने पुन्हा शिवली आहेत, मागे पुठ्ठा दुसऱ्याच कुठल्या वहीचा.

त्या दिवशीची कथा होती 'उजव्या सोंडेचा गणपती'. न वाचलेल्यांसाठी एवढंच: अवकाशाला पीळ असेल आणि त्यातून कुणी फिरून आलं, तर आरशातल्या प्रतिबिंबासारखं उलटून परत येईल, ही तिची मध्यकल्पना. चाहते इथे लगेच नावाची गोष्ट काढतात. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवताना त्यांनी नाव घातलं नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. उलटं वाचलं की ना. वि. ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस मिळालं. आद्याक्षरंसुद्धा आरशात धरणारा माणूस सोंडेची कथा लिहिणार नाही तर कोण लिहील, असं कुणीतरी म्हणालं आणि प्रात्यक्षिकाला सुरुवात झाली.

प्रात्यक्षिक म्हणजे मोबियसची पट्टी. १८५८ मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणित्यांना ती स्वतंत्रपणे सुचली. कागदाची पट्टी घ्यायची, एका टोकाला अर्धा पीळ, म्हणजे १८० अंश, द्यायचा आणि टोकं चिकटवायची. तिच्यावरून गणपतीचं कात्रण एक फेरी फिरवायचं आणि डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होऊन परत येतो का ते बघायचं. शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं, म्हणून सगळ्यांना वाटतं जमेल. पहिल्या तासात एकाचीही सोंड वळली नाही.

पहिली चूक कागदाची. कुणी झेरॉक्सचा पांढरा कागद आणला होता. त्यावर गणपतीचं कात्रण सरकवत पूर्ण फेरी मारली की ते निघाल्या जागेच्या पाठीमागे पोचतं, आणि पट्टी फिरवून पाहिलं तर गणपती जसाच्या तसा. कागद अपारदर्शक असला की पुढची बाजू आणि मागची बाजू असा भेद आपण मनात धरूनच बसतो. कथेतल्या अवकाशाला जाडी नाही, त्यामुळे मागची बाजूही नाही. म्हणून आरपार दिसणारा कागद हवा. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक फिल्म चालते, पण ती ताठ असते, पीळ दिला की हातातून उसळते आणि ए-फोर तुकडे दोन जोडावे लागतात. ट्रेसिंग पेपर सगळ्यात बरा. पाच सेंटिमीटर रुंद, साठेक सेंटिमीटर लांब. लांबीत कंजुषी करू नये. कागद न फाटता, न चुरगळता पट्टी व्हायची तर लांबी रुंदीच्या किमान १.७३ पटीहून जास्त लागते (२०२३ मध्ये रिचर्ड श्वार्ट्झ यांनी ते सिद्ध केलं), पण ते गणितात. हाताने करताना दहा-बारा पट ठेवली तरच बोटं आत जातात.

दुसरी चूक गोंदाची. पांढरा गोंद ओला असतो, ट्रेसिंग पेपर ओल लागताच वाकडा होतो, आणि सांधा असा फुगतो की कात्रण तिथेच अडकतं. सेलोटेप लावावी, आणि दोन्ही अंगांनी लावावी. तिसरी चूक माझी: उत्साहात पूर्ण पीळ दिला. ३६० अंशांचा पीळ म्हणजे पुन्हा दोन बाजूंची पट्टी, गणपती सुखरूप परत. ओळखायचं कसं? पट्टीच्या मधोमध पेन टेकवून न उचलता रेघ ओढत जायची. निघालेल्या बिंदूला पोचेपर्यंत दोन्ही अंगांवर रेघ उमटली असेल तर पीळ बरोबर.

मग काकूंनी केलं ते सावकाश सांगतो, कारण तेवढ्यासाठी मी दोनशे किलोमीटर आलो होतो.

त्यांनी पट्टीवर मार्करने एक डाव्या सोंडेचा गणपती काढला. सोंडेचं टोक गणपतीच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे. (यावर दहा मिनिटं वाद झाला, सोंड मूर्तीच्या अंगाने मोजतात, आपल्या नाही.) तसंच तीन सेंटिमीटरचं कात्रण पारदर्शक फिल्ममधून कापलं आणि त्याचे पाय कायम एकाच कडेला राहतील असं बोटाने ढकलत नेलं. उचलायचं नाही, पालटायचं नाही. फेरी पुरी होऊन ते मूळ चित्रावर आलं, तेव्हा पट्टीतून आरपार पाहिलं: गणपती डोकं खाली, पाय वर, सोंड मात्र अजूनही बघणाऱ्याच्या उजवीकडेच. आता त्याला तिथल्या तिथे, कागदाला चिकटलेलाच ठेवून अर्धा फिरवला. डोकं वर आलं. सोंड गेली डावीकडे.

उजव्या सोंडेचा.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अंबडच्या एका कारखान्यात डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, करणारे एक काका लगेच म्हणाले, 'बाई, हा तर नुसता पालथा पडलाय. आम्ही रोज करतो. सपाट ब्लँक, म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा, उलटा ठेवला की एलएचचा आरएच होतो, डाव्याचा उजवा.' गाडीचे डावे-उजवे पार्ट बनवणाऱ्या गावात हा आक्षेप येणारच. मग तेच थांबले, चष्मा काढला आणि स्वतःलाच उत्तर दिलं. 'पण उलटा ठेवलेला पकडता येतो. पंच मारल्यावर बर, म्हणजे कापल्याची खरखरीत कड, एकाच अंगाला राहते. हात फिरवला की कळतं.' म्हणजे जाडी आहे म्हणून चोरी सापडते. जाडीच नसेल तर बर नाही, पालथं-उताणं नाही, उरतो फक्त डावा किंवा उजवा. आणि ब्लँक एकदा वाकवला, त्याला तिसरी मिती आली, की कितीही फिरवा, एलएचचा आरएच होत नाही, नवा डाय लागतो. तो फुकटात करून द्यायला चौथ्या मितीतला पीळ हवा. मोबियसवर बरीच वर्णनं वाचली आहेत, इतकं स्वच्छ एकही नव्हतं.

दुसरा डबा उघडला तो स्वयंपाकघरातला. असा उलटलेला माणूस जेवणार काय? आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं डावखुरी, साखरा उजव्या. पचवणारी विकरं त्याच घाटाला बसतात. उलटलेल्याच्या पोटात नाशिकची मिसळ नुसती पुढे सरकेल, अंगी लागणार नाही. वास तरी तोच येईल का? एका वाटीत पुदिना चुरडलेला, दुसरीत बाळंतशोपा कुटलेल्या. दोन्हींच्या वासात कार्व्होन नावाचं एकच रसायन मोठा वाटा उचलतं, एकीकडे रेणू डावा, दुसरीकडे त्याचं प्रतिबिंब. वाट्या आळीपाळीने नाकाशी धरल्या. नाकाला आरसा कळतो, एवढं नक्की. काकूंची सून म्हणाली, बाळंतशोपा परत द्या, उद्या लागणार आहेत.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पुढच्या वेळी घ्यायची ठरली. त्यावर पानिपतात विश्वासरावांवर आलेल्या गोळीवरून दारातच भांडण सुरू झालं होतं, चपला घालेपर्यंत मिटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालय पाहिलं, १८४० सालचं. गोदाघाट गर्दीमुळे सोडून दिला.

काकूंनी त्यांची पट्टी मला दिली होती. बॅगेत वरच ठेवली, तरी बसमध्ये कुणाची तरी सुटकेस तिच्यावर बसली. संगमनेरला पाहिलं तर सांधा सुटला होता, टेप एकाच अंगाला लावलेली. कात्रण मात्र नीट आहे. आता ते डाव्या सोंडेचं की उजव्या, हे कोणत्या बाजूने पाहतो त्यावर.