होमबिल्ट विमानाला गाडीचं इंजिन: घेण्याआधीचा हिशेब

घरी बांधलेल्या दोन आसनी विमानासाठी इंजिन शोधणारा माणूस आधी रोटॅक्स ९१२ या हलक्या विमानांसाठीच बनवलेल्या इंजिनाची किंमत बघतो. मग मिरजेच्या एखाद्या गॅरेजात एस्टीमचं किंवा जिप्सी किंगचं उतरवलेलं इंजिन बघतो आणि हिशेब तिथेच मिटवून टाकतो. सुझुकीचं हे जी-१३ बीबी इंजिन खरोखर चांगलं आहे. १२९८ सीसी, अॅल्युमिनियमचा ब्लॉक, जिप्सीत ६००० आरपीएमला ८० हॉर्सपॉवर, आणि सुटे भाग आपल्याकडे सहज मिळतात. पण गाडीत या इंजिनाला पूर्ण ताकद क्वचितच लावावी लागते. हायवेवर ताशी ८० ने जाताना २० हॉर्सपॉवरही लागत नाहीत. विमानात टेकऑफला पूर्ण ताकद लागते आणि पुढे तासन् तास ७५ टक्के. त्यामुळे इंजिनापेक्षा त्याच्या भोवती आपण काय जोडतो यावरच सगळं ठरतं.

आधी आपल्या हवेचा हिशेब करू. कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे. मे महिन्यात ४० अंश तापमानाला तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या १६०० मीटर उंचीइतकी विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची अशा वेळी १५ ते १७ टक्के ताकद जाते. ८० चे ६७ उरतात, ६० चे ५०. प्रॉपेलर (प्रॉप) आणि पंख यांनाही तीच विरळ हवा मिळते, म्हणजे तोटा तिन्हीकडून. ४५० किलोच्या विमानाला ६७ पुरतात. त्याच विमानाला फोक्सवॅगन गाडीचं ६० हॉर्सपॉवरचं, हवेने थंड होणारं इंजिन लावलं, तर दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन धावपट्टीपलीकडच्या उसावरून चढताना हातात काही शिल्लक राहत नाही. एकट्याच्या हलक्या विमानाला मात्र फोक्सवॅगन उत्तम, कारण त्यात रिडक्शन ड्राइव्ह (प्रॉपचा आरपीएम कमी करणारा गिअर) नाही आणि पाणीही नाही.

रिडक्शन का लागतो हे आकड्यांत बघा. १.७ मीटर व्यासाचा प्रॉप २४०० आरपीएमला फिरला की त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २१४ मीटर होतो. तोच थेट क्रँकला लावून ६००० ला फिरवला तर ५३४ मीटर, म्हणजे आवाजाच्या दीडपट. तिथे ताकद ओढीत न जाता गोंगाटात जाते. रोटॅक्समध्ये गिअरबॉक्स कारखान्यातूनच येतो (८० हॉर्सपॉवरच्या इंजिनात २.२७, १०० च्या इंजिनात २.४३), आणि त्याच्यामागच्या चाचण्यांचा खर्चही किमतीत धरलेला असतो. गाडीच्या इंजिनाला तो आपण जोडायचा असतो, आणि घरगुती प्रकल्प बहुधा इथेच मोडतात.

चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या दर फेऱ्याला दोन धक्के देतं. पलीकडे प्रॉपचं जड चाक, मध्ये स्प्रिंगसारखा पिळणारा शाफ्ट. धक्क्यांचा ठेका आणि या पिळाची स्वतःची लय जुळली की गिअरचे दात खातात, बोल्ट कातरतात, शाफ्ट खांद्याशी तुटतो. तुटण्याआधी फारसा आवाजही होत नाही. म्हणून मध्ये रबराचं कपलिंग घालतात. त्यामुळे ही लय आयडलच्या (इंजिनाच्या सगळ्यात मंद फिरण्याच्या) खाली उतरते आणि इंजिन फक्त सुरू-बंद होताना तिच्यातून जातं. आयडलला खडखड आली तर आरपीएम वाढवा, तिथे इंजिन घुमवत बसू नका. रोटॅक्सही १४०० च्या खाली चालवू देत नाही. जड प्रॉप लावला की ही लय बदलते. म्हणून ड्राइव्ह बनवणाऱ्याने प्रॉपच्या जडत्वाची मर्यादा लिहून दिली नसेल, तर तो ड्राइव्ह घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रॉप ज्यावर बसतो तो हब कुपवाडच्या एमआयडीसीतला कुठलाही चांगला टर्नर करून देईल. ईएन-२४ या मिश्र पोलादाचा बार घ्या, सोबत मटेरियल सर्टिफिकेट घ्या, हीट ट्रीटमेंटनंतर कडकपणा तपासून घ्या. खांद्याला आणि कीवेला (चावीच्या खाचेला) धारदार कोपरा राहू देऊ नका, कारण चीर तिथूनच सुरू होते. शेवटी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून मगच बसवा.

आता पाणी. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश शाफ्टला मिळतो आणि साधारण तितकाच पाण्यात जातो. ६० हॉर्सपॉवरवर उडताना ४५ किलोवॉट उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची असते. रेडिएटर मोठा असून भागत नाही, हवेला त्यातून जायला भाग पाडावं लागतं. पुढचं तोंड रेडिएटरच्या चेहऱ्याच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा, तिथून डक्ट हळूहळू रुंद करा, कडेच्या फटी सिलिकॉन रबराने बंद करा, आणि बाहेर पडायची वाट पुढच्या तोंडापेक्षा मोठी ठेवा. फट राहिली तर हवा तीच सोपी वाट धरते. गरम होण्याची खरी परीक्षा सरळ उड्डाणात नसते, ती कमी वेगाच्या लांब चढाईत असते. हेडर टाकी (कूलंटची वरची टाकी) सगळ्यात उंच जागी हवी, नाहीतर हेडमध्ये हवेचा बुडबुडा अडकतो. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: पाणी गळून गेलं तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. म्हणून कूलंटच्या दाबाचा मीटरही लावा.

फ्युएल इंजेक्शनचं इंजिन वीज गेली की बंद पडतं. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), कॉइल, इंजेक्टर आणि पंप मिळून सुमारे १२ अँपिअर धरा. अल्टरनेटर गेल्यावर १८ अँपिअर-अवरच्या बॅटरीतले निम्मेच भरवशाचे, म्हणजे ४५ मिनिटं. दोन बॅटऱ्या, दोन पंप, प्रत्येकाला वेगळा स्विच आणि वेगळी वायर. दोन्ही पंपांची अर्थिंग एकाच बोल्टवर दिली, तर दोन पंप असून उपयोग नाही. कार्ब्युरेटर ठेवलात तर विजेची चिंता कमी होते, पण कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची सोय) लागते. कोयनेच्या खोऱ्यातल्या दमट हवेत १५ अंशांनाही आत बर्फ धरतो.

पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिळतं. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. मापाच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालचा थर २८ च्या आसपास गेला तर २० टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं, फायबरच्या टाकीचं रेझिन मऊ करतं, आणि पाणी शिरलं की तळाशी वेगळं होऊन बसतं. १०० एलएल एव्हगॅस (विमानांचं पेट्रोल) वापरलं तर हे प्रश्न नाहीत, पण त्यातलं शिसं ऑक्सिजन सेन्सर मारतं आणि रोटॅक्सचं तेल २५ तासांनी बदलावं लागतं.

वजन कॅटलॉगवरून धरू नका. रेडिएटर, पाणी, ड्राइव्ह, माउंट, दुसरी बॅटरी असं सगळं काट्यावर ठेवा. इंजिनाची जोडणी ठरल्यापेक्षा १५ किलो जड झाली आणि ती गुरुत्वमध्याच्या ०.९ मीटर पुढे असेल, तर तोल साधायला ४ मीटर मागे शेपटीत साडेतीन किलो शिसं लागतं. म्हणजे एकूण साडेअठरा किलो वाढले.

हे सगळं कागदावर आल्यावर, खरेदीच्या आधी, डीजीसीएशी (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी) बोला. स्वतः विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्या टीएसी-००३ या विमानाचं प्रदर्शन २०१६ ला झालं, नोंदणी २०१७ ला, उडायचा परवाना २०१९ ला. मध्येच इंजिन बदललं तर कागदही पुन्हा करावे लागतात.

पहिल्या उड्डाणाआधी इंधनाचा प्रवाह मोजल्याशिवाय राहू नका. विमानाचं नाक चढाईच्या कोनात उचला, टाकीत तळाशी थोडंच पेट्रोल ठेवा, इंजिनाकडची नळी सोडून डब्यात घ्या. पूर्ण ताकदीला ताशी २५ लिटर लागत असतील तर पंपाने १० मिनिटांत किमान ५.२ लिटर यायला हवं, आणि नुसत्या उतारावर चालणाऱ्या व्यवस्थेत ६.२५ लिटर. दोन्ही पंप वेगवेगळे चालवून मोजा. कमी आलं तर आधी टाकीचा व्हेंट (हवा आत जायची वाट) बघा.