‘चेन्नई बीच’ला उतरू नका

पाट्यांवर विश्वास ठेवणारा माणूस मी. चेन्नई सेंट्रलसमोरच्या पार्क स्टेशनवर ‘चेन्नई बीच’ची लोकल पकडली, शेवटच्या स्टेशनला उतरलो, तर समोर बंदर आणि ट्रक. वाळूचा कण नाही. मरीना, म्हणजे चेन्नईचा प्रसिद्ध समुद्रकिनारा, तिथून चारेक किलोमीटर दक्षिणेला. रिक्षावाल्याने साडेतीनशे सांगितले, मी घासाघीस करून अडीचशे दिले आणि वर स्वतःवरच खूश झालो. मग कळलं की त्याच स्टेशनातून वेळच्चेरीची गाडी सुटते. पाच-दहा रुपयांत तिरुवल्लिक्केणीला उतरायचं, पुढे किनारा चालत पंधरा मिनिटं. रिक्षा करूच नका.

नाव तसं खोटंही नाही, एकेकाळी किनारा तिथेच होता. १८७५ नंतर बंदराचे बांध समुद्रात घातले गेले. दक्षिणेकडून उत्तरेला सरकणारी वाळू बांधाला अडली आणि दक्षिणेच्या बाजूला साचत गेली. बांधापलीकडे, उत्तरेच्या रोयापुरम भागात समुद्र जमीन खात सुटला. १८८४ च्या सुमारास मद्रासचा गव्हर्नर ग्रँट डफने फिरायचा रस्ता बांधून ‘मरीना’ नाव दिलं, तेव्हा पाणी रस्त्यापासून बरंच जवळ होतं. (मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साताऱ्याचा ग्रँट डफ, त्याचा हा मुलगा.) आज मध्ये सरासरी ३०० मीटर वाळू आहे.

हे ३०० मीटर आकड्यात काहीच वाटत नाहीत. दुपारी तीनला मी चपला हातात घेऊन निघालो. शंभरेक पावलांवर तळव्यांची लाही झाली. चपला घातल्या तर त्या वाळूत रुतून मागेच राहायच्या. बायको म्हणाली, “अहो, समुद्र मागे सरकतोय का?” पाण्याशी पोचलो, तर पोहायला मनाई. ती मोडू नका, ओढ खरंच वाईट आहे. घोट्यापर्यंतच्या लाटेने माझ्या टाचेखालची वाळू काढून नेली. पट्ट्याचे बूट आणि पाणी हवंच. सोबत म्हातारी माणसं असतील तर ‘विवेकानंद इल्लम’ या इमारतीसमोर दिव्यांगांसाठी केलेला लाकडी मार्ग गाठा.

सगळ्यात मोठा गाढवपणा वेगळाच. कोकणातल्या सवयीने सूर्यास्तासाठी पाण्याकडे तोंड करून बसलो आणि सूर्य पाठीमागे, प्रेसिडेन्सी कॉलेजच्या बाजूला बुडाला. हा पूर्व किनारा! संध्याकाळ फक्त सुंडलसाठी: उकडलेले वाटाणे, खोबरं, कैरीचे तुकडे, कागदाच्या पुडीत. मिरचीची भजी तेलकट, नाही खाल्ली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच हजर झालो. वाळू गार, लाल गोळा थेट पाण्यातून वर. यायचं तर याच वेळी. शिल्पकार देवीप्रसाद रॉय चौधरींनी घडवलेला श्रमिकांचा पुतळा, माजी मुख्यमंत्री अण्णादुराईंची समाधी, सगळं उन्हाआधी उरकतं. दीपगृहाला लिफ्ट आहे, वर चढायचा त्रास नाही. फक्त सोमवारी बंद. आम्ही गेलो तो सोमवार होता.