चारही स्टिक निर्दोष होत्या

मे महिन्यातल्या त्या शनिवारी तासगावचे एक छायाचित्रकार आपल्या मुलासह माझ्या दुकानात आले आणि कॅबिनेट टेबलावर ठेवण्याआधीच त्यांनी मोबाइल काढून मला एक फोटो दाखवला. हळदीच्या कार्यक्रमातला नवरीचा फोटो होता. कपाळापासून नाकापर्यंत तो अगदी स्वच्छ होता. नाकाखाली मात्र सगळे चित्र एका बाजूला सरकले होते आणि तिथून शेवटच्या ओळीपर्यंत हिरवट पडले होते. "साहेब, मशीन मधूनच बंद पडतं, ते एक वेळ सोसू," ते म्हणाले, "पण हा फोटो कॅमेऱ्यात चांगला दिसत होता. लग्न काय परत लागणार आहे का?"

मी सांगलीत विश्रामबागेत संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. लग्नसराईत छायाचित्रकारांची यंत्रे माझ्याकडे नेहमीच येतात. कधी हार्ड डिस्क भरलेली असते, कधी पंख्यात धूळ साचलेली असते. हे यंत्र अभियांत्रिकीला शिकणाऱ्या मुलाने स्वतः घरी जोडले होते आणि कॅबिनेट उघडताच त्याच्या कामातली निगुती दिसली. तारा मागच्या बाजूने नीट बांधलेल्या होत्या, प्रोसेसरवरचा कूलर सारख्या दाबाने बसवलेला होता, सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बिलासह आणलेले होते. प्रोसेसर रायझन ५ ३६०० होता. सुरुवातीला १६ जीबीच्या दोन रॅम, म्हणजे मेमरीच्या दोन स्टिक, होत्या. अल्बमचे काम वाढल्यावर तीन महिन्यांपूर्वी त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या, त्याच वेगाच्या आणखी दोन घेतल्या होत्या. एकूण ६४ जीबी.

माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी बरेच काही करून पाहिले होते. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळा संदेश येई, कधी मेमरी मॅनेजमेंटचा, कधी पेज फॉल्टचा, त्यामुळे विंडोज दोनदा नव्याने टाकले होते. गावातल्या एकाने एसएमपीएसवर, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, बोट ठेवल्यामुळे तो बदलला होता. एसएसडीही बदलली होती. विंडोजमधली मेमरीची छोटी तपासणी चालवल्यावर "कोणतीही चूक आढळली नाही" असे उत्तर आले होते, आणि त्या एका वाक्यामुळे रॅमवरचा संशय पुरता मिटला होता. मला मात्र संशय तिथेच आला. निळा पडदा ड्रायव्हरमुळे येऊ शकतो, विजेमुळे येऊ शकतो. पण कॅमेऱ्याच्या कार्डात चांगली असलेली फाइल संगणकात आल्यावर मधूनच बदलते, तेव्हा ती ज्या वाटेने आली ती वाट तपासावी लागते, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक बाइट रॅममधून जातो.

नवरीच्या त्या फोटोबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण बिघाडाची खूण त्यातच होती. जेपीईजी फाइलमध्ये चित्राचे तुकडे कमीजास्त लांबीच्या संकेतांत, एकापाठोपाठ एक, मध्ये जागा न सोडता लिहिलेले असतात. एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढीच माहिती, उलटला की पुढचा संकेत कुठे सुरू होतो हेच वाचणाऱ्याला कळेनासे होते. शिवाय प्रत्येक तुकड्याचा सरासरी रंग हा आधीच्या तुकड्याशी असलेल्या फरकाच्या रूपात नोंदलेला असतो, म्हणून एका ठिकाणी चुकलेला रंग खालपर्यंत चुकतच जातो. चित्र सरकणे आणि हिरवे पडणे या दोन्ही गोष्टींना एकच उलटलेला बिट पुरेसा होता.

आधी हाताची कामे केली. यंत्राची वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, चारही स्टिक काढल्या, त्यांच्या सोनेरी पट्ट्यांवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवले, रबराचा भुगा ब्रशने झाडला आणि दोन्ही टोकांना खटका ऐकू येईपर्यंत दाबून त्या पुन्हा बसवल्या. आपल्याकडच्या दमट हवेत निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात. ही मिटली नाही, हे पुढच्या तासाभरात कळले.

छायाचित्रकारांनी एका लग्नाची कार्डे अजून पुसलेली नव्हती. त्यात २,१४८ फाइली होत्या. त्या सगळ्या मी माझ्या टेबलावरच्या संगणकात घेऊन प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढला. हा ६४ अक्षरांचा ठसा असतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. मग त्याच कार्डांतून त्याच फाइली त्यांच्या यंत्रात उतरवल्या आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. तीन फाइलींचे ठसे जुळले नाहीत. सगळे पुसून पुन्हा उतरवल्या, तेव्हा पाच जुळले नाहीत, आणि आधीच्या तिघींपैकी एकही त्या पाचांत नव्हती. फाइली उतरवताना यंत्राने एकदाही तक्रार केली नव्हती. वडील हे सगळे माझ्या खांद्यावरून पाहत होते. दुसऱ्या यादीत लाल झालेल्या पाच ओळी दिसल्यावर ते काही न बोलता खुर्चीवर जाऊन बसले, आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

यानंतर मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून यंत्र त्याच्यावरूनच सुरू केले. विंडोज चालू असताना रॅमचा बराच भाग विंडोजच्या ताब्यात असतो आणि तो तपासता येत नाही. हा प्रोग्राम विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, म्हणून जवळपास सगळी रॅम त्याच्या हाती येते. एकेक स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून एकेक फेरी चालवली. संध्याकाळी आठपर्यंत चारही स्टिक निर्दोष ठरल्या. मुलगा निराश झाला. तिघांपैकी कुणाचाच अंदाज खरा ठरला नव्हता, आणि सगळ्यांत जास्त माझा, कारण नव्या दोघींपैकी एक नासकी निघणार असे मी धरून चाललो होतो.

मग चारही एकत्र लावून तपासणी रात्रभर चालू ठेवली. मी दुकानाच्या वरच राहतो. साडेअकराला खाली येऊन पाहिले, तर पहिली फेरी संपत आली होती आणि चुकांच्या रकान्यात शून्य होते. पहाटे साडेपाचला आलो, तेव्हा तिसरी फेरी चालू होती आणि पडद्यावर १७ लाल ओळी होत्या.

या ओळी नीट वाचाव्या लागतात आणि घाईत तेच राहून जाते. प्रत्येक ओळीत पत्ता, अपेक्षित मूल्य आणि प्रत्यक्ष मिळालेले मूल्य दिलेले असते. एखादी मेमरी पेशी मेलेली असेल, तर तोच पत्ता आणि तोच बिट पुन्हापुन्हा दिसतो. इथे १७ चुकांचे १७ वेगळे पत्ते होते, कुठे तिसरा बिट उलटला होता, कुठे एकोणिसावा, आणि दर ओळीत चूक फक्त एका बिटाची होती. जागा अशा विखुरलेल्या असतात, तेव्हा माहिती ठेवणारी पेशी बहुधा शाबूत असते. ती माहिती नेण्या-आणण्यात गडबड असते.

रविवारी सकाळी जुन्या दोघी लावून दोन फेऱ्या, दुपारी नव्या दोघी लावून दोन फेऱ्या. दोन्ही वेळा शून्य. चौघी एकत्र आल्या तरच चूक, हे आता पक्के झाले. म्हणून विंडोज सुरू करून सीपीयू-झेड या यंत्राचे भाग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक स्लॉटची माहिती पाहिली आणि उत्तर तिथे रँकच्या रकान्यात सापडले. रँक म्हणजे स्टिकवरच्या एकत्र काम करणाऱ्या चिपचा गट. जुन्या दोघींपुढे "ड्युअल" होते, नव्या दोघींपुढे "सिंगल".

लेबल सारखे असले तरी आतला माल वेगळा होता. जुन्या स्टिकवर ८ गिगाबिटच्या १६ चिप होत्या, दोन्ही बाजूंना आठ-आठ. नव्या स्टिकवर १६ गिगाबिटच्या आठच चिप होत्या, एकाच बाजूला. क्षमता दोन्हींची १६ जीबीच. कंपन्या एकाच मॉडेल क्रमांकाखाली चिप बदलत राहतात, आणि वर अ‍ॅल्युमिनियमचे आवरण असल्यामुळे ग्राहकाला ते दिसतही नाही. यात दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्याही हातात फक्त लेबल असते.

मदरबोर्डवर चार स्लॉट दिसत असले तरी प्रोसेसरपासून रॅमकडे जाणारे मार्ग दोनच असतात, आणि प्रत्येक मार्गावर दोन स्लॉट असतात. एका मार्गावर जितकी रॅम जास्त, तितका त्या तारांवरचा भार जास्त आणि विजेचा संकेत तितका मळकट. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, मुलाने एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या कंपनीने स्टिकमध्ये नोंदवून दिलेली जास्त वेगाची सेटिंग, चालू करून वेग ३२०० वर ठेवला होता. या वेगाला एका तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट जातात, म्हणजे एक बिट ओळखायला ०.३१ नॅनोसेकंदच मिळतो. दोन स्टिक असताना हा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेत बसतो. चार लावल्या की मर्यादा खाली येते. एक रँकच्या चारसाठी २९३३ आणि दोन रँकच्या चारसाठी २६६७. इथे तर दोन्ही प्रकार एकाच मार्गावर एकमेकींशेजारी बसले होते. हे सगळे इतके काठावर चालले होते, की तासन्‌तास व्यवस्थित चाले आणि मग एखादा बिट निसटे. तासगावात दुपारी खोली तापल्यावर यंत्र जास्त वेळा बंद पडते, असे वडील पहिल्या दिवशीच म्हणाले होते; मी ते ऐकून सोडून दिले होते, आणि ती माझी चूक होती.

"मग एक्सएमपी लिहिलेलं असतं ते खोटं का, काका?" मुलाने विचारले. त्याला मी सांगितले, की ते खोटे नसते. पण ते त्या दोन स्टिकच्या संचापुरते वचन असते. वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन संच एकत्र चालतील, असे वचन कुणीच दिलेले नसते. या डीडीआर४ रॅमचे मूळ मानक व्होल्टेज १.२ आहे आणि ३२०० साठी एक्सएमपी ते १.३५ पर्यंत वाढवते, हे बायोसच्या पडद्यावर त्याला दाखवले. व्होल्टेज आणखी थोडे चढवून आणि टायमिंग सैल करून, म्हणजे रॅमला उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ देऊन, ३२०० टिकवता येते का, हे पाहण्याची त्याची इच्छा होती. खेळ खेळण्याच्या यंत्रावर मी त्याला अडवले नसते. ज्या यंत्रात लोकांची लग्ने साठवलेली आहेत, त्या यंत्रावर असे प्रयोग मी होऊ देत नाही, आणि हे मी त्याला तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

एक्सएमपी बंद केले, वेग २६६६ वर (२६६७ च, बायोसमध्ये तो असा लिहिलेला असतो) बांधला आणि रविवारी रात्री पुन्हा चारही स्टिकवर तपासणी लावली. सोमवारी दुपारी चार फेऱ्या पूर्ण झाल्या. एकही चूक नव्हती. पण मला खरी परीक्षा ती वाटत नव्हती. त्याच २,१४८ फाइली पुन्हा कार्डांतून उतरवल्या, ठसे ताडले. पुसल्या, पुन्हा उतरवल्या, पुन्हा ताडले. असे तीनदा केले. तिन्ही वेळा सगळे ठसे जुळले. वेग कमी केल्याने काम रेंगाळेल का, ही वडिलांची शंका रास्त होती, म्हणून त्यांच्यासमोरच एक पूर्ण अल्बम एक्स्पोर्ट केला. त्यांना फरक जाणवला नाही.

"पण एका बिटानं एवढं होतं?" त्यांनी मला जाताना विचारले. ६४ जीबीमध्ये सुमारे ५५ हजार कोटी बिट असतात, त्यातल्या एकाने असे काय बिघडावे, हे त्यांना पटत नव्हते. मी त्यांना बेल्जियममधल्या स्कारबेक इथली गोष्ट सांगितली. २००३ च्या निवडणुकीत तिथे एका उमेदवाराला मतदान यंत्रणेने शक्य नव्हती इतकी मते दाखवली, आणि फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. ही संख्या दोनाचा बारावा घात आहे. मोजणीच्या आकड्यातला तेरावा बिट शून्याचा एक झाला, असाच निष्कर्ष निघाला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आमची आधीची लग्नं पण बघायला पाहिजेत."

तेच काम सगळ्यांत मोठे होते. नव्या स्टिकच्या बिलावरची तारीख पाहून तेव्हापासूनची कामे काढली. सात लग्ने होती. चार लग्नांची कॅमेऱ्याच्या दुसऱ्या स्लॉटमधली कार्डे कपाटात होती, त्यामुळे ती पुन्हा उतरवून ठसे जुळवता आले. उरलेल्या तिघांची कार्डे पुसलेली होती. त्या फाइली उघडून त्रुटी शोधणाऱ्या प्रोग्राममधून काढल्या, आणि शंका आलेली प्रत्येक फाइल मुलाने स्वतः डोळ्यांनी पाहिली. दोन दिवस तो दुकानातच बसून होता. अकरा फोटो बिघडलेले निघाले. त्यांतले नऊ कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपीईजी अशा दोन्ही रूपांत काढलेले असल्यामुळे त्यांची रॉ फाइल शाबूत सापडली, आणि तिच्यातून फोटो पुन्हा तयार झाला. हळदीतल्या नवरीचा फोटो त्या नवांत होता.

उरलेले दोन फोटो फक्त जेपीईजीमध्ये काढलेले होते; एक वरातीतला, एक पंगतीतला. वडिलांनी त्यांचे क्रमांक माझ्या बिलाच्या मागे लिहून घेतले आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहूनच त्या घरी फोन लावला. मुलाने तोवर कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर "४ स्टिक, २६६६, एक्सएमपी लावू नये" असे लिहिले, खाली तारीख घातली आणि कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पुढे जो कुणी ते उघडेल त्याला दिसेल अशी, चिकटवली.