जाहिरातीची तारीख

२ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आला तेव्हा आमच्या आस्थापना शाखेत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर रुजू झालेल्या, पण ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेआधी निघाली होती, अशांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळणार होता; त्या तारखेपासून नव्यानं येणाऱ्यांची ती बंद झाली होती. एकदाच, सहा महिन्यांच्या आत. मी शाखेचा कार्यालयीन अधीक्षक. सांगली जिल्ह्यातलं मध्यम आकाराचं सरकारी कार्यालय, पर्याय देऊ शकतील अशी माणसं मोजकीच. त्यातल्या दोघांचे अर्ज एकाच दिवशी छाननीला आले. एक लिपिक मॅडम, दुसरे आमचे वाहनचालक, ज्यांना सगळं ऑफिस ‘मामा’ म्हणतं. दोघं २००६ साली एकाच आठवड्यात रुजू झालेले.

पुरावा म्हणजे जाहिरात. ती असायला हवी भरतीच्या फायलीत. आमची ती फाईल ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तीन दिवस पाण्यात होती. नंतर वाळवली, पण पानं पापडासारखी फुगलेली, वर्तमानपत्रांची कात्रणं तर लगदाच. जावक नोंदवहीही गेलेली.

मॅडमनी पर्समधून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. त्यांच्या वडिलांनी तेव्हा जाहिरात कापून दहावीच्या सनदेसोबत ठेवली होती. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव नाही, तारीख नाही. घडीवर कागद विरलेला. पण खालच्या ओळीत ‘अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख १६ सप्टेंबर २००५’ एवढं स्वच्छ वाचता येत होतं. मागच्या बाजूला पूरग्रस्तांच्या मदतवाटपाची अर्धी बातमी. साहेबांनी भिंग मागवून पाहिलं, मान डोलावली. मूळ अंकाची साक्षांकित प्रत नंतर जोडायच्या अटीवर मॅडमचं प्रकरण पात्र ठरलं.

मग मामांचं. त्यांच्या पदाची जाहिरात निघाली होती नोव्हेंबर २००५ च्या शेवटच्या आठवड्यात. इथं प्रकरण संपायला हवं होतं, पण फुगलेल्या फाईलमधली टिप्पणीची पानं शाईच्या पेनानं नव्हे, बॉलपेननं लिहिलेली होती, त्यामुळे वाचली. जुलै २००५ ची मंजुरी, लिपिक आणि वाहनचालक दोन्ही पदांना एकाच सहीनं. पुढच्या पानावर ऑगस्टची नोंद: पूर मदतकार्यामुळे वाहनचालक पदाची बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता) तपासून आलेली नाही, सबब लिपिक पदाची जाहिरात आधी काढावी व वाहनचालक पदाची स्वतंत्रपणे काढावी.

कृष्णेला पूर आला नसता तर दोन्ही जाहिराती एकाच पानावर छापून आल्या असत्या.

मामा त्या पुरात काय करत होते? ऑफिसचीच गाडी चालवत होते, रोजंदारीवर. धान्याची पोती आणि पाण्याचे कॅन घेऊन गावोगाव.

“मंजुरी तर जुलैचीच हाय की वो साहेब,” ते म्हणाले. साहेबांनी शासन निर्णय पुन्हा काढला. त्यात जाहिरात किंवा अधिसूचना म्हटलंय, मंजुरी नाही. मीच ते वाचून दाखवलं. नियम म्हणून त्यात खोट नव्हती.

पण तारखेवर किती अवलंबून आहे ते बघा. समजा दोघांचं शेवटचं मूळ वेतन ५० हजार. मॅडमना जुन्या पेन्शनचे त्याच्या निम्मे, महिना २५ हजार आणि वर महागाई भत्ता, जो वाढत राहणार. मामांच्या एनपीएस खात्यात, म्हणजे पगारातून कापून साठवायच्या नव्या पेन्शन योजनेत, समजा २० लाख जमले, तर किमान ८ लाखांची वार्षिकी घ्यावी लागेल, म्हणजे ते विमा कंपनीला देऊन ठरलेली पेन्शन घ्यायची. साडेसहा टक्के दर धरला तरी महिन्याला साडेचार हजारांच्या आतबाहेर, आणि तो आकडा वाढत नाही. हातात १२ लाख येतील हे खरं. मामांच्या दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत, तेव्हा ते किती दिवस हातात राहतील हेही उघड आहे.

सरकारची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. जुन्या पेन्शनसाठी कधी निधी साठवलाच नाही. त्या त्या वर्षीच्या महसुलातून ती द्यायची, माणसं जास्त जगू लागली, वेतन आयोग आले, आकडा फुगत गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात वित्तमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन परत आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल असं सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये सात दिवस संप झाला, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या घोषणांत आमचंही ऑफिस ओस पडलं होतं. दोन्ही बाजू मला कळतात. मला खटकते ती वाटणी. जुनी पेन्शन बंद करणाऱ्या ३१ ऑक्टोबर २००५ च्या निर्णयानं माझ्यासारख्या आधीच सेवेत असलेल्यांचा एक रुपयाही कापला नाही. सगळा भार पुढे येणाऱ्यांवर टाकला, आणि पुढे येणारे विरोध करायला त्या दिवशी सेवेतच नव्हते. इतकी बिनबोभाट कपात दुसरी कुठली झाली असेल! मीही १९९४ पासून मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याचे दहा टक्के दिले असते तर? विचारलं असतं तर मी खुशीनं हो म्हणालो असतो असं नाही. संघटनेच्या मोर्चात पुढेच दिसलो असतो. पण विचारायला तर हवं होतं.

माझ्या शेजारी बसणारा कनिष्ठ लिपिक २०१४ चा. तो हसून म्हणाला, “सर, माझा पगार कापून माझी पेन्शन, आणि माझ्या करातून तुमची.” मामांच्या अपात्रतेचं पत्र टंकलिखित करणारी मुलगी एजन्सीमार्फत आलेली. दोन्ही योजनांशी तिचा संबंध नाही. तिनं फक्त विचारलं, “सर, ‘अपात्र’च लिहू की ‘अमान्य’?”

मी मामांना निवेदन लिहून दिलं. टिप्पणीच्या दोन्ही पानांच्या छायाप्रती जोडल्या आणि प्रकरण मार्गदर्शनासाठी वर पाठवायची शिफारस केली. साहेब थोडे कुरकुरले, पण सही केली. उत्तर एका ओळीचं आलं: शासन निर्णयातील तरतुदी सुस्पष्ट आहेत.

मॅडमचं भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडलं, एनपीएसमधला त्यांचा हिस्सा तिकडे वळवायची कार्यवाही सुरू झाली. ऑगस्टमध्ये केंद्रानं एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली, राज्य मंत्रिमंडळानं दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. कर्मचाऱ्याचे दहा टक्के घ्यायचे आणि हमीही द्यायची, असा मधला रस्ता. पूर्ण पन्नास टक्क्यांसाठी पंचवीस वर्षं सेवा लागते. मामांची बावीस-तेवीसच भरते, म्हणजे त्या प्रमाणात कमी. तरी साडेचार हजारांपेक्षा ते कितीतरी बरं, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, “रोजंदारीची दोन वर्सं धरत्यात का त्यात?”

धरत नाहीत.